पोर सापडले, वस्ताद कुठे आहे?

शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली आला, तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ मेफेन्टरमाईनचे इंजेक्शन देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. हेच इंजेक्शन व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांना चोरून विकणारी माणसे पुणे, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आल्या. दम वाढतो, थकवा कळत नाही, असे सांगून ते खपवले जाते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत त्याचे नाव आहे. बातमी दोन दिवस चालते, जप्त केलेल्या बाटल्यांचा फोटो छापून येतो आणि विषय मिटतो. घेणारी पोरे कोण होती, त्यांची वये काय, पहिली सुई त्यांना कोणी टोचली, याची चौकशी पुढे गेल्याचे वाचायला मिळत नाही.

आमच्या मते त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात तर विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न टाळला की काय होते, ते साऱ्या जगाने बर्फावर पाहिले आहे. कामिला व्हालिएवा ही रशियाची फिगर स्केटिंगपटू. २५ डिसेंबर २०२१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिचा नमुना घेतला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. नमुना स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत गेला आणि निकाल आला ८ फेब्रुवारी २०२२ ला. आदल्याच दिवशी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने रशियाला सांघिक सुवर्ण मिळवून दिले होते. सापडले ते ट्रायमेटाझिडीन, म्हणजे छातीत कळा येणाऱ्या हृदयरुग्णांना देतात ते औषध. सोळा वर्षांखालील खेळाडूला नियमात वेगळे संरक्षण आहे, त्यामुळे क्रीडा लवादाने तिला वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिले. पहिल्या फेरीअखेर ती पहिली होती. १७ फेब्रुवारीला शेवटच्या फेरीत ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. रडत बाहेर आलेल्या त्या पोरीला जवळ घेण्याऐवजी तिच्या प्रशिक्षिका एतेरी तुत्बेरिद्झे तिची खरडपट्टी काढत होत्या, आणि हे सगळे थेट प्रक्षेपणात जगभर दिसले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनीही दुसऱ्या दिवशी त्याबद्दल जाहीर अस्वस्थता बोलून दाखवली.

पुढे २९ जानेवारी २०२४ रोजी लवादाने तिला चार वर्षांची बंदी घातली, नमुना घेतल्याच्या तारखेपासून मोजून. रशियाचे सांघिक सुवर्ण गेले. ते अमेरिकेला मिळाले, तेसुद्धा अडीच वर्षांनी, पॅरिसमध्ये उन्हाळी ऑलिंपिक चालू असताना. आजोबा हृदयविकाराच्या गोळ्या ज्या फळीवर कुटतात, त्याच फळीवर त्यांनी स्ट्रॉबेरीचा गोड पदार्थ केला आणि त्यातून औषध पोटात गेले असावे, असा बचाव तिच्या बाजूने झाला होता. लवादाला तो पटला नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटासाठी किमान वय टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरा केले, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. पण पंधरा वर्षांच्या मुलीने हे औषध स्वतः शोधून, स्वतः आणून, स्वतःच्या मनाने घेतले, असे कोणी शहाणा माणूस मानणार आहे का? तिच्याभोवती प्रशिक्षक होते, डॉक्टर होते, संघटनेचे पदाधिकारी होते. चौकशा जाहीर झाल्या. त्यांच्यापैकी एकालाही या प्रकरणात बंदी लागल्याचे जाहीर झालेले नाही. मुलीने मात्र आपली पंधरा ते एकोणीस ही सगळी वर्षे भरून दिली.

हे रशियाचे झाले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. वाडाने जानेवारी २०२४ मध्ये अल्पवयीन खेळाडूंच्या उत्तेजक सेवनावर एक अहवाल काढला. २०१२ पासून चौदाशेहून अधिक अल्पवयीन खेळाडू चाचणीत सापडल्याची नोंद त्यात आहे, आणि सर्वाधिक प्रकरणे असलेल्या देशांत रशियाच्या जोडीने भारताचे नाव आहे. शिक्षा झालेला सगळ्यात लहान खेळाडू बारा वर्षांचा होता. बारा म्हणजे सातवीतले पोर.

मोठ्यांचे आकडेही लाज आणणारेच आहेत. २०२३ साली भारताने ५,६०६ नमुने तपासले, त्यांतले २१३ दोषी निघाले. हे प्रमाण ३.८ टक्के होते. त्या वर्षी मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत आपण वरच्या टोकाला होतो. ॲथलेटिक्स, भारोत्तोलन आणि कुस्ती हे आपले नेहमीचे बदनाम खेळ. त्यांतली कुस्ती ही आपल्या घरची.

कुस्तीचा विषय निघाला की महाराष्ट्रात एकच नाव पुढे येते, नरसिंग यादव. मुंबईत वाढलेला मल्ल, २०११ पासून सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी, त्या जोरावर राज्य पोलिस दलात उपअधीक्षक. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्याने ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. त्या जागेसाठी चाचणी कुस्ती घ्यावी म्हणून सुशीलकुमार न्यायालयात गेला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. मग सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळले, असे नरसिंग म्हणाला. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीने १ ऑगस्ट २०१६ रोजी ते मान्य करून त्याला सोडले. वाडाने रिओतच लवादाकडे अपील केले आणि १८ ऑगस्टला, कुस्ती एक दिवसावर आलेली असताना, त्याच्यावर चार वर्षांची बंदी पडली. घातपाताचा ठोस पुरावा नाही आणि हे औषध गोळीच्या रूपाने एकाहून अधिक वेळा घेतले गेले असण्याचीच शक्यता जास्त, असे लवादाचे मत पडले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. बंदी संपल्यावर नरसिंग पुन्हा मॅटवर उतरला.

नरसिंगवर अन्याय झाला की नाही, यावर आपल्याकडे आजही पैजा लागतात. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. खटकते ते एवढेच की या प्रकरणातून तालमींनी एकच धडा घेतला, तो म्हणजे ‘राजकारण झाले’. घेण्याजोगा धडा फार कडक होता आणि तो कोणी पोरांना शिकवला नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी मल्लाची. ते कोणी दिले, कशातून आले, हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्याच डोक्यावर. महाराष्ट्र केसरी आणि पोलिस अधिकारी असलेल्या माणसाला, देशातले वकील पाठीशी असताना, जे सिद्ध करता आले नाही, ते राधानगरी किंवा शाहूवाडीकडून आलेले चौदा वर्षांचे पोर काय सिद्ध करणार?

तालमीतला दिवस पाहिलेल्या माणसाला हा नियम आणि ते पोर यांच्यातले अंतर कळेल. बारा-तेरा वर्षांचा मुलगा ट्रंक घेऊन राहायला येतो. गावाकडून एसटीने डबा येतो, तुपाची बरणी येते. घरच्या म्हशीचे दूध विकायचे सोडून बाप पोराच्या खुराकाला लावतो. पहाटे अंधारात उठून जोर, बैठका. मग हौद्यात उतरायचे. तिथल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते आणि ती माती खोऱ्याने उकरण्याचे कामही याच पोरांचे. दुपारी थोरल्या पैलवानांच्या थंडाईसाठी कुंडीत बदाम घोटत बसायचे. कोणी किती जोर मारायचे, कोणी कोणाशी लढत करायची, कोणत्या जत्रेच्या मैदानात कोणाची कुस्ती किती इनामावर जोडायची, हे सगळे वस्ताद ठरवतात. वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे पोर पहिल्या दिवशीच शिकते. ही शिस्त आम्हाला प्रिय आहे. तिनेच या गावाला मल्ल दिले.

पण या शिस्तीत वाढलेल्या पोराच्या हातात कोणी थोरला पैलवान लेबल फाडलेल्या डब्यातली पावडर ठेवतो, तेव्हा ते ‘हे काय आहे’ असे विचारत नाही. आजवर जे दिले ते त्याने प्यायलेले आहे. वजनगटात बसण्यासाठी कोणी लघवी होण्याची गोळी देतो, तीही ते घेते. फ्युरोसेमाईड नावाची ही गोळी बंदी यादीत आहे. शरीरातले पाणी काढून ती काट्यावर वजन उतरवते आणि दुसरी औषधे लघवीत विरळ करून झाकते. अल्पवयीनांच्या नमुन्यांत सर्वाधिक सापडणाऱ्या पदार्थांत ती आहे. स्टेरॉइडचे तर विचारू नका. वाढत्या वयात ते घेतले तर हाडांची टोके वेळेआधी जुळतात आणि उंची खुंटते, यकृत बिघडते, हृदयावर ताण येतो, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. पोराला हे कोणी सांगत नाही, आणि गावाकडच्या बापाला त्याचा पत्ताही नसतो.

आता त्याच पोराला नाडाचा अधिकारी गाठतो. मोहोरबंद संचांतून एक संच पोराने स्वतः निवडायचा. अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर निदान नव्वद मिलिलिटर लघवी द्यायची. ती दोन बाटल्यांत स्वतःच्या हाताने ओतायची, झाकणे स्वतः घट्ट करायची, बाटल्यांवरचे क्रमांक कागदाशी ताडून पाहायचे. मग फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि पूरके लिहून खाली सही करायची. त्या रकान्यात हे पोर काय लिहिणार? जे घेतले त्याचे नाव त्याला ठाऊक नाही. नमुना द्यायला नकार दिला तर तोही गुन्हा. बजरंग पुनियासारख्या ऑलिंपिक पदकविजेत्याला नमुना न दिल्याबद्दलच नाडाने २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी घातली. सही पोराची, नमुना पोराचा, निकालावर नाव पोराचे. देणाऱ्याचे नाव त्या कागदावर कुठेच नाही.

वास्तविक नियमांत देणाऱ्याची सोय करून ठेवलेली आहे. जागतिक संहितेप्रमाणे बंदी असलेला पदार्थ बाळगणे, विकणे, दुसऱ्याला देणे, देण्यात साथ करणे आणि प्रकार झाकणे हे सगळे स्वतंत्र गुन्हे आहेत. देणाऱ्याला किमान चार वर्षांची आणि जास्तीत जास्त आजन्म बंदी होऊ शकते. संरक्षित वयाचा खेळाडू सापडला तर त्याच्या प्रशिक्षकाची आणि भोवतालच्या माणसांची चौकशी करणे संस्थेवर बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२२ सालचा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही आहे. त्यात बंदी आहे, पदके परत घेणे आहे, दंड आहे, तुरुंग नाही. कलमे आहेत, पण ती वस्तादापर्यंत, प्रशिक्षकापर्यंत, औषध दुकानाच्या मागच्या दारापर्यंत पोचताना दिसत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच तऱ्हा.

कोणी म्हणेल, वस्ताद बिचारे जुन्या वळणाची माणसे, त्यांना या रसायनांची नावे तरी कशी कळणार? नावे न कळणे आम्ही समजू शकतो. पण वस्तादाला पोराचे अंग कळत नाही, हे आम्ही कधीही मान्य करणार नाही. हौद्याच्या कडेला बसून, पोराने लंगोट कसला की त्याचे वजन किलोच्या अंदाजाने सांगणारी ही माणसे. दोन महिन्यांत ज्याच्या मांड्या आणि खांदे एकदम भरले, पाठीवर पुरळ उठले, आवाज बदलला, जो लहानसहान कारणाने अंगावर धावून येऊ लागला, त्याच्यात काय घडते आहे हे त्यांना दिसत नाही? दिसते. काही जण अशा पोराला त्याच दिवशी घरी पाठवतात, आणि अशा वस्तादांपुढे आम्ही हात जोडतो. काही जण मात्र मैदान जवळ आले म्हणून गप्प बसतात. ते गप्प बसणे हा त्या गुन्ह्यातला हिस्सा आहे.

आमिषही मोठे आहे, हे खरे. महाराष्ट्र केसरीला चारचाकी गाडी मिळते, गदा मिळते, पोलिस खात्यात अधिकारीपद मिळू शकते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. दोन एकरवाल्या घराला पोराच्या एका प्रमाणपत्राने वर येता येते. जत्रेच्या मैदानांत इनामाच्या रकमा लाखांवर गेल्या आहेत आणि तिथे मल्लांचे नमुने सहसा कोणी घेत नाही. म्हणजे पैसा जिथे सर्वांत सहज मिळतो, तिथेच तपासणी सर्वांत कमी. राष्ट्रीय शिबिरात पोचल्यावर जे पकडले जाते, त्याची सवय अशा मैदानांतून लागलेली असते.

या गावाने मोठ्या माणसांनी पोरासाठी काय करायचे असते, हेही पाहिलेले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९५२ मध्ये त्यांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि बाकीची वर्गणी लोकांनी जमवली. खाशाबांनी कांस्य आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकरांनी जोखीम स्वतःच्या घरावर घेतली. आज सुई टोचणारा माणूस सगळी जोखीम पोराच्या शरीरावर टाकतो आणि पोर जिंकले की फोटोत पुढे उभा राहतो. शाहू महाराजांनी खासबागचे मैदान उभारले, राज्याच्या खजिन्यातून मल्लांना खुराक दिला. मल्लाच्या पोटात काय जाते याची जबाबदारी आश्रयदात्याची, हा रिवाज या गावात शंभर वर्षांहून जुना आहे. तो मोडायचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून कोल्हापूर जिल्हा राष्ट्रीय तालीम संघाला आणि शहरातल्या प्रत्येक तालमीच्या वस्तादांना आमची विनंती आहे. तालमीत येणारी प्रत्येक गोळी, पावडर आणि इंजेक्शन वहीत नोंदवा: नाव काय, बिल कुठले, दिले कोणी, दिले कोणाला. लेबल नसलेला डबा आणि बिल नसलेली बाटली दारातूनच परत करा. औषधाचे नाव घालून ते बंदी यादीत आहे की नाही हे पाहण्यासाठी नाडाने ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप काढले आहे. ज्याच्याकडे फोन आहे अशा एका पोराला ते काम नेमून द्या. मोठ्या इनामाच्या मैदानासाठी नाडाकडे पथक पाठवण्याची लेखी मागणी करा. पथक आले नाही तर मागणीचे ते पत्र मैदानात वाचून दाखवा. अठराच्या आतले पोर सापडले, तर चौकशी संपेपर्यंत त्याच्या वस्तादाला कोणत्याही मैदानात पंच म्हणून बसवू नका आणि त्याच्या तालमीची कुस्ती जोडू नका. गावोगावच्या आईबापांनीही पोराला ट्रंक देऊन पाठवताना वस्तादांना एवढे स्पष्ट विचारावे, की माझ्या मुलाला दूध, तूप, बदाम सोडून आणखी काय देणार आहात. हा प्रश्न विचारल्याने कोणत्याही खऱ्या वस्तादाचा अपमान होत नाही.

दिवाळीनंतर मैदाने सुरू होतील. पहिली कुस्ती जोडण्याआधी हे नियम तालमीच्या भिंतीवर लावा आणि खाली वस्तादांनी स्वतःच्या नावाने सही करावी.